कप म्हणजे नेमका केवढा

लातुरात मी घरीच केकचे क्लास घेते. रेसिपी अमेरिकेची, चमचे आपले आणि ओव्हन तिसऱ्याच देशाचा, त्यामुळे रोज काहीतरी घडतंच. आता तर संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या घरचे विचारतात, "आज कोण?"

*

स्वामी काकूंचं मोंढ्यात आडत दुकान आहे. पहिला केक घरून करून आणला, तो सुरीनं कापेना. एक कप मैदा, एक कप दूध, सगळं मी सांगितलं तसंच घेतलं म्हणाल्या. मग मी कप मागवले. एकात आमच्या घरच्या सगळ्यांचा चहा मावला असता, दुसरा बशीएवढाही नव्हता.

"मैदा मालकांच्या कपानं घेतला, दूध माझ्या. दोन्ही कपच हायत की."

*

पुढचा केक त्यांनी मोबाइलवर बघून केला. वरून कोळसा, आत पीठ. रेसिपीत साडेतीनशे डिग्री होतं, पण ते फॅरनहाइट. आपल्या ओव्हनवर ते साधारण एकशेऐंशी. काकूंच्या ओव्हनचा काटा तर अडीचशेच्या पुढे जातच नाही. मग साडेतीनशे केलं कसं, असं मी विचारलं.

"आधी अडीचशेवर ठेवला. मग उरलेले शंभर दिले."

*

मुदखेडची एक मुलगी फोनवर शिकते. रेसिपीत 'एक स्टिक बटर' होतं, तिनं दुकानात जाऊन तेच मागितलं. अमेरिकेत बटरची एकशेतेरा ग्रॅमची कांडी मिळते आणि तिला स्टिक म्हणतात, हे मी सांगायचं विसरले होते. दुकानदारानं तिला शांतपणे सांगितलं, की काडीवर फक्त कुल्फी मिळते.

*

क्लासला येणाऱ्या पूजाचा नवरा कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो. औंसाचं मी बघतो, सिंपल कन्व्हर्जन आहे, असं म्हणून त्यानं आठ औंस मैदा बाळाच्या दुधाच्या बाटलीवरच्या खुणांनी मोजला. औंस वजनाचाही असतो आणि पातळ पदार्थाचाही, हे मी दोनदा बजावलं होतं. मैदा निम्माच पडला. केक मधोमध बसला. सरांनी रेसिपी पुन्हा वाचून काढली.

"प्रश्नच चुकीचा छापलाय," ते म्हणाले. "याला ग्रेस मार्क मिळायला पाहिजेत."

*

शाहीन आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवते, माहेर नांदेडचं. तिच्या भावानं इंग्लंडमध्ये एमाशी लग्न केलं, तेव्हापासून अब्बा सुनेशी बोलत नव्हते. फोनवर ती आली की फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचे. आता ती ईदला पहिल्यांदाच नांदेडला येणार होती, आणि तिला वारलेल्या अम्मीचा शीरखुर्मा स्वतः करायचा होता. आधी तिकडे करून बघते म्हणाली, माप पाठवा.

अम्मीचं माप म्हणजे दीड लोटा दूध, ओंजळभर शेवया, आणि साखर अब्बांचं लक्ष नसताना पडेल तेवढी.

शाहीन लोटा घेऊन माझ्याकडे आली. मी पाण्यानं मोजून पाइंटचा हिशोब कळवला. एमाचा शीरखुर्मा पार पातळ झाला. मग कळलं, की इंग्लंडचा पाइंट अमेरिकेच्या पाइंटपेक्षा मोठा असतो आणि मी अमेरिकेचा धरला होता. एकच नाव ठेवून दोन मापं करणाऱ्या दोन्ही देशांवर माझं डोकं फिरलं. पुन्हा पाणी, पुन्हा लोटा. आता ग्रॅम आणि एमएलशिवाय काही लिहिणार नाही, असं मी शाहीनला सुनावलं.

"चिडू नका मॅडम," ती म्हणाली. "अब्बा तिच्याशी बोलून नाही राहिले. हे जमायला पाहिजे."

ईदच्या दिवशी एमा वजनकाटा घेऊनच नांदेडच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. शेवटचा ग्रॅम जुळवताना गॅसकडे बघायचं राहिलं.

अब्बांनी एक चमचा खाल्ला आणि थांबले. त्यांनी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. मग वाटी एमापुढे धरली.

"अजून दे. तळाला लागलंय, बेटा," ते म्हणाले. "तुझ्या सासूचंही लागायचं."