दुसऱ्याच्या नावानं उचललेला भंडारा

तात्या गेल्याचं मला शाळेत कळलं. तास चालू असताना खिशातला फोन थरथरत राहिला, म्हणून काढून पाहिला. तालुक्याच्या ग्रुपवर तात्यांचा फेटा बांधलेला जुना फोटो, खाली जोडलेल्या हातांची रांग आणि वर मथळा : माजी आमदार, लोकनेते, शब्दाचे पक्के... त्या शेवटच्या दोन शब्दांवर मी अडकलो. संध्याकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. ‘‘मास्तर, दहावा ओझरला, नदीवर. माईक तुमीच धरायचा. तात्यांची माणसं तुमच्याइतकी कुणाला ठावं हायेत?’’ मी हो म्हणालो. माझ्या हो म्हणण्याचं वस्तीवर सगळ्यांनाच नवल वाटलं. लोकांसमोर तात्यांबद्दल बोलायची ही माझी शेवटची वेळ असणार होती, आणि मला बोलायचं होतं.

आमची वस्ती पिंपळवंडीच्या वरच्या अंगाला. आजोबांची मेंढरं होती, माझ्या वडिलांनी, आबांनी, ती मोडून विहीर पाडली आणि मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. हे मी मान वर करूनच सांगतो. तात्यांची पहिली निवडणूक मी बारावीला होतो तेव्हाची. ते सपाटून हरले. निकालानंतर जिंकलेला माणूस आमच्या वस्तीकडे फिरकला नाही, पण हरलेले तात्या आले. प्रत्येक दारात उभं राहून म्हणाले, ‘‘मत दिलं असंल त्याचं भलं व्हवो, न्हाई दिलं त्याचं बी व्हवो. चहा टाका.’’ हरलेला माणूस चहा मागायला येतो, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. पुढं माझा बारावीचा निकाल लागल्यावर त्यांनी मला जीपमध्ये घातलं, जुन्नरच्या कॉलेजात नेलं आणि खिडकीतल्या क्लार्कला सांगितलं, ‘‘हा माझा माणूस.’’ अॅडमिशन मला मार्कांवर मिळणारच होती. पण पुढं प्रत्येक सभेत ते माझ्या खांद्यावर थाप मारून सांगायचे, ‘‘याला मी शिकवला.’’ मी कधी खोडून काढलं नाही. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

बाहेरच्यांना वाटतं, निवडणुका सभेत जिंकतात. आमच्या जुन्नर-आंबेगावात त्या दहाव्याला जिंकतात. माणूस गेल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी नदीकाठी सगळी भावकी, सोयरे, पंचक्रोशी जमते. विधी होतात, प्रवचन होतं आणि मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. पुढारी उशिरा यायचे, मयताचं नाव शेजाऱ्याला विचारून घ्यायचे, माईकवर गळा काढायचे आणि गाडीत बसून पुढच्या दहाव्याला जायचे. तात्यांची तऱ्हा निराळी. ते सगळ्यांच्या आधी येत आणि डोकं भादरलेल्या पोराशेजारी वाळूत मांडी घालून बसत. भाषण करत नसत. हळूच विचारत, ‘‘म्हातारी जेवती का रं? गाईला कोण बघतंय?’’ एवढंच. पुढच्या महिन्यात भेटले तर गाईची चौकशी पुन्हा करत. एकदा मी गमतीनं म्हणालो, ‘‘तात्या, तुम्ही मेलेल्यांच्या जिवावर मतं मागता.’’ ते खळखळून हसले. ‘‘मास्तर, जित्या माणसाला समदेच विचारत्यात. मेलेल्याच्या घरी कोण जातंय?’’

दुसरी निवडणूक त्यांनी अपक्ष म्हणून लढवली आणि जिंकली. गुलालानं माझा एकुलता पांढरा शर्ट कायमचा गुलाबी झाला. ती पाच वर्षं मी त्यांच्यासोबत फिरलो. शिनोलीकडचा रस्ता, आमच्या वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, पोरींसाठी सकाळची एसटी... ही कामं त्यांनी केली, ती मी नाकारणार नाही. मेलेल्या माणसाचं चांगलं खोडणं माझ्या रक्तात नाही.

तिसऱ्या वेळी त्यांनी पहिल्यांदाच पक्षाचं तिकीट घेतलं. तेव्हा मी विनाअनुदानित शाळेत लागलो होतो, आणि सुट्टी काढून त्यांच्या सभांचा माईक मीच धरायचो. गावोगाव कुजबुज होती की तात्या निवडून आले की समोरच्यांत जाणार, सगळं आधीच ठरलंय. आमच्या वस्तीनं खंडोबाच्या देवळात बैठक घेतली. सोपाननाना आमच्यातले जाणते. ते म्हणाले, ‘‘त्यानं येऊन बेलभंडारा उचलावा. मग आमी पेटी भरून मतं देऊ.’’ बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. कोर्टातल्या शपथेपेक्षा तो मोठा. मी तात्यांना फोन लावला. ते शिनोलीला एका दहाव्यात अडकले होते. मागं प्रवचन ऐकू येत होतं. म्हणाले, ‘‘तूच उचल रं. तुझा हात त्यो माझा हात.’’ मी फोन स्पीकरवर टाकला होता. देवळात सगळ्यांनी ऐकलं.

आबा कोपऱ्यात बसले होते. तेवढे एकटेच बोलले, ‘‘दुसऱ्याच्या जिभंसाठी आपला हात घालू नये.’’

सोपाननाना म्हणाले, ‘‘शिकल्यालं पोरगं हाय. त्याला म्हाईत नसंल का आमदाराचं मन?’’

त्या बोलण्यानं मी फुललो. ओंजळीत भंडारा घेतला, वर बेल ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, ‘‘तात्या पक्ष सोडणार नाहीत.’’ आजही मला ती चूक वाटत नाही. एका माणसानं शब्द दिला, दुसऱ्यानं तो पोचवला. चूक असेल तर देणाऱ्याची.

तात्या निवडून आले. महिना उलटला नसेल, आमच्या समाजमंदिरातल्या टीव्हीवर बातमी आली. कुठल्याशा लांबच्या हॉटेलच्या लॉनवर पक्षातून फुटलेल्या आमदारांची ओळ बसली होती आणि मागच्या रांगेत, दोन डोक्यांच्या मधे, तात्या. फेटा नव्हता, म्हणून पहिल्यांदा कुणी ओळखलं नाही. मी ओळखलं. खोलीत बरीच माणसं होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. एकजण एवढंच म्हणाला, ‘‘आवाज बारीक करा राव.’’

त्याची शिक्षा मला चंपाषष्ठीला कळली. त्या दिवशी आमच्याकडे तळी भरतात. ताम्हणात भंडारा, खोबरं, पानसुपारी ठेवून पाच जण ते ताम्हण मिळून उचलतात आणि खंडोबाचा येळकोट करतात. आजोबांनंतर तिथं आबांचा हात होता. त्यांची कंबर धरल्यापासून माझा. मी पुढं झालो, तर ताम्हणाला आधीच पाच हात लागलेले होते. कुणी मला नको म्हटलं नाही, कुणी भांडलं नाही. चुलतभाऊ खाली बघत म्हणाला, ‘‘झालं, भरली तळी.’’ पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी वस्तीतल्या पोरांना शिकवतो, त्यांचे दाखले काढून देतो, लग्नात मानाचा फेटा मला बांधतात. फक्त देवाच्या ताम्हणाला माझा हात लागू देत नाहीत.

चौथ्या निवडणुकीत तात्या पडले. नव्या पक्षानं तिकीट दिलं, पण माणसं नव्हती, आणि आमच्या वस्तीच्या बूथवर त्यांचा पोलिंग एजंट एकटाच डबा उघडून बसला होता. त्यानंतर त्यांना कुणी तिकीट विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ते आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेलो. तब्येत विचारायला गेलो असं म्हणणं खोटं होईल. मला एक मागणं मागायचं होतं. ओसरीत खुर्चीवर बसले होते, अंगावर शाल, चेहरा उतरलेला. मी म्हणालो, ‘‘तात्या, एकदा वस्तीवर या. देवळात बसून एवढंच सांगा, की शब्द माझा होता, मास्तरचा नव्हता. मी गाडी आणतो.’’

त्यांनी शाल सारखी केली. मग म्हणाले, ‘‘आता ते कुणाच्या ध्यानात हाये? तुझ्याबिगर?’’

‘‘सगळ्यांच्या.’’

‘‘मास्तर...’’ ते जरा हसले, ‘‘मी कुठं उचलला व्हता भंडारा? तू उचलला.’’

आतून चहा आला. मी कप तसाच ठेवून उठलो. त्या घरातला चहा मी आयुष्यात पहिल्यांदाच न पिता सोडला. फाटकापर्यंत गेलो, तर मागून आवाज आला, ‘‘आबाची कंबर कशी हाये रं?’’ मी फाटक ओढून घेतलं. त्या प्रश्नाचा मला अजून राग येतो... कारण तो त्यांनी मनापासून विचारला होता.

ओझरच्या नदीकाठी दहाव्याला अफाट माणूस लोटला. दोन्ही पक्षांचे पुढारी आले. एकेकाचं नाव पुकारून मी माईक देत होतो आणि प्रत्येकजण तेच बोलत होता : शब्दाला जागणारा नेता. आमच्या वस्तीची माणसंही मागं झाडाखाली बसली होती, कारण कितीही बिनसलं तरी दहाव्याला जातातच. शेवटी माईक माझ्या हातात उरला. मी म्हणालो, ‘‘तात्यांनी खूप कामं केली. पण खंडोबाच्या देवळात त्यांनी माझ्या हातानं एक शब्द दिला होता, आणि तो मोडला. दोन्ही खरं आहे. त्यांच्या आत्म्याला शांती मिळो.’’ पुतण्यानं पुढं होऊन माईक काढून घेतला. त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता.

परतताना गाडीत आबांना विचारलं, ‘‘आता तरी फिटला का भंडारा?’’

‘‘खरं बोललास, चांगलं केलंस,’’ आबा म्हणाले. ‘‘पर ज्याचा शब्द, त्यानंच येऊन फेडावा लागतो. आता कोण येणार?’’

तात्यांची एक सवय होती. शब्द देताना ते समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेत आणि सोडत नसत. ऊबदार, कोरडे तळवे. समोरच्याला वाटायचं, काम झालंच. परवा एक बाप शाळेत आला, पोरीच्या अकरावीसाठी. ‘‘मास्तर, हुईल ना अॅडमिशन?’’ त्यानं विचारलं आणि माझ्या लक्षात आलं, की त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत आहे. कधी घेतला, कळलंच नाही. तो माझ्याकडं अगदी निर्धास्त बघत होता. मी त्याचा हात सोडला आणि म्हणालो, ‘‘मी येतो तुमच्यासंगं कॉलेजात. होईल का नाही, ते मला सांगता येणार नाही.’’

त्याचा चेहरा पडला. पडू दिला.