अण्णांची डबल बेल आणि कुवेतच्या बस

चौदा वर्षं मी कुवेतमध्ये राहते आहे आणि या चौदा वर्षांत इथल्या बसची पायरी एकदाही चढले नव्हते. सालमियातल्या घरून दस्मानच्या ऑफिसला गाडीने जायचं, पार्किंगसाठी घिरट्या घालायच्या आणि संध्याकाळी ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडायची, असा आमचा सुशिक्षित दिनक्रम. बस दिसायची ती फक्त आडवी आली की.

मग यंदाच्या थंडीत माझे वडील आले. अण्णा. सिन्नरला एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. दोन महिन्यांसाठी आले आणि दहाव्या दिवशी सकाळी थालीपीठ मोडता मोडता म्हणाले, "स्वाते, माझं तिकीट अलीकडचं करून दे."

"का? काही कमी पडलं का?"

"कमी काय पडायचं? सगळं हातात मिळतं. तू मला गाडीत ठेवते, पट्टा बांधते, मॉलमध्ये उतरवते, परत आणते. मी काय पार्सल आहे?"

आई गेल्यावर अण्णांना इकडे यायला राजी करण्यात माझी चार वर्षं गेली होती. आता असे कंटाळून परत गेले असते, तर पुन्हा आले नसते. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे, कारण तोच माझाही आहे. म्हणून काही न सुचून मी बोलून गेले, "तीन दिवस द्या मला. तीन दिवस आपण फक्त बसने फिरू. तरीही जायचं म्हणालात तर तिकीट बदलते."

अण्णांनी ताटातून मान वर केली. "इथं बस आहे?"

"मम्मा, सीरियसली? नोबडी टेक्स द बस," आमची अकरा वर्षांची ईरा म्हणाली. खिडकीखालून तेवढ्यात एक बस गेली, दारापर्यंत भरलेली. एवढे सगळे नोबडी कुठे निघाले होते कोण जाणे.

माझ्यासारख्या अडाण्यांसाठी थोडी माहिती. कुवेतमध्ये रेल्वे नाही. मेट्रोची चर्चा मी आल्यापासून ऐकते आहे. ती कागदावरच धावते, त्यामुळे कधी लेट होत नाही. उरतात बस. पाव दिनारच्या आसपास तिकीट, लांबच्या पल्ल्याला थोडं जास्त. सुटे पैसे जवळ ठेवा, पुढच्या सीट बायकांसाठी सोडा आणि डिसेंबर ते फेब्रुवारीतच हा उद्योग करा. उन्हाळ्यात स्टॉपवर उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे. बसचे नंबर मी देत नाही, कारण मी दिलेल्या नंबरवर विसंबून तुम्ही वाळवंटात उतरलात तर माझ्या नावाने खडे फोडाल.

पहिला दिवस, गुरुवार. मी रजा टाकली. निघण्याआधी अण्णांनी माकडटोपी चढवली आणि मला सूचना दिल्या. "चढायचं पुढून. पैसे मुठीत तयार ठेवायचे. आणि चुकामूक झाली तर वेड्यासारखं शोधत फिरायचं नाही. गाडीच्या शेवटच्या स्टँडवर जाऊन थांबायचं. मागं राहिलेला माणूस मागच्या गाडीनं येतो."

"अण्णा, मी बेचाळीस वर्षांची आहे."

"चुकणारी माणसं सगळ्या वयाची असतात."

सालमियाहून शहरात जाणाऱ्या बसमध्ये अण्णांना पहिला धक्का बसला. कंडक्टरच नाही! ड्रायव्हरच पैसे घेतो, तिकीट देतो, मोड परत करतो, पत्ता सांगतो आणि उरलेल्या वेळात बस चालवतो. "तीन माणसांचं काम एकटा करतोय," अण्णा कळवळून म्हणाले आणि लगेच मदतीला धावले. त्यांच्या काळचा नियम तुम्हाला आठवत असेल: एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एका स्टॉपवर सगळे चढले तसं त्यांनी खांबावरचं लाल बटण दोनदा दाबलं. इथे ते बटण उतरण्यासाठी असतं. पुढच्या स्टॉपवर बस थांबली, दार उघडलं, कोणीच उतरेना. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. अण्णांनी त्याला "जाऊ द्या" अशी खूण केली. हे तीनदा झालं.

शहरात उतरून आम्ही दस्मानच्या बाजूने समुद्रकाठी चाललो. माझं ऑफिस तिथून दिसतं, आणि ऑफिसमागे इतका सुंदर किनारा आहे हे मला चालत आल्यावर कळलं. जेवायला मुबारकियाच्या जुन्या बाजारात गेलो. तंदूरमधली गरम रोटी, डाळ, कांदा. अण्णांनी खजुराच्या दुकानात नमुना म्हणून इतके खजूर खाल्ले की दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून मला दोन किलो घ्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरचं जहरा. रस्ता सरळ, दोन्हीकडे माती, वारा बोचरा. जुना लाल किल्ला त्या दिवशी बंद होता, म्हणून बाहेरूनच पाहिला. अण्णांना त्याचं काही नव्हतं. त्यांना बसस्टँड बघायचा होता. तासभर बसून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या बस पाहिल्या आणि निकाल दिला, "गाड्या चांगल्या आहेत. पण सुटताना कोणी सांगत नाही."

तिसरा दिवस फहाहीलचा आणि याच दिवसासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

शहरातून दक्षिणेला जाणारी ही बस महबूलातून जाते. महबूला म्हणजे इमारतींना इमारती चिकटलेल्या आणि प्रत्येक बाल्कनीत आपल्या माणसांचे कपडे वाळत घातलेले. तिथे मोठी गर्दी चढायला लागली. अण्णा पुढच्या दारात उभे राहून बायकांच्या पिशव्या वर घेत होते. मला तहान लागली होती, स्टॉपला लागूनच बकाला, म्हणजे किराणा दुकान होतं. मी ड्रायव्हरला विचारलं. तो तेलंगणातला, करीमनगरचा. "जाओ मैडम, दो मिनट रुकेगा."

अण्णांना न सांगताच मी मागच्या दाराने उतरले. पाण्याची बाटली घेऊन वळले आणि तेवढ्यात शेवटची बाई वर चढली. अण्णांनी तिची पिशवी आत घेतली, बाहेर हात काढला आणि बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. थाप, थाप.

बटणाची भाषा त्या ड्रायव्हरला कळली नसती. पण पत्र्यावरच्या दोन थापा करीमनगरला आणि सिन्नरला एकच. त्याने दार लावलं आणि बस नेली.

मी ओरडले. धावलेही, ऑफिसातल्या नाजूक सँडल्समध्ये जेवढं धावता येतं तेवढं. मग फुटपाथवर उभी राहिले. अण्णांचा फोन फक्त घरच्या वायफायवर चालायचा. खिशात पत्ता नाही, पासपोर्ट घरी, अरबीचं एक अक्षर येत नाही. मी नवऱ्याला फोन केला.

"म्हणजे," प्रशांत म्हणाला, "कंडक्टरने स्वतःच्या मुलीलाच मागे टाकलं?"

"हसू नकोस!" मी म्हटलं आणि भररस्त्यात रडायला लागले. तेव्हा तो घाबरला. "तिथेच थांब. मी निघतो."

मी थांबले. वीस मिनिटं समोरच्या बाजूने येणारी प्रत्येक बस बघत राहिले, अण्णा उतरून परत येतील म्हणून. सत्तर वर्षांच्या माणसाला तीन दिवस परक्या देशात बसने हिंडवायची हौस मला कुठून सुचली, म्हणून स्वतःलाच बोल लावत होते. आणि मग गुरुवारची सूचना आठवली. शोधत फिरायचं नाही. शेवटचा स्टँड. मागच्या गाडीनं.

मी प्रशांतला येऊ नकोस म्हणून कळवलं आणि पुढच्या बसमध्ये चढले.

फहाहीलच्या स्टँडवर बस वळली तेव्हा खिडकीतून मला माकडटोपी दिसली. अण्णा बाकावरून उठून दाराशी आले होते आणि उतरणारी माणसं बोटाने मोजत होते. एक, दोन, तीन... माझ्यापाशी बोट थांबलं. दुसऱ्या हातात कागदी कपात चहा होता. गार झालेला, साय धरलेला, एकही घोट न घेतलेला.

"किती उशीर?" ते म्हणाले. "ही चौथी गाडी."

"अण्णा, तुम्ही हरवला असता तर?"

"मी कुठं हरवलो? मी गाडीत होतो. हरवली तू."

मग बाकावर बसले आणि चहाकडे बघत हळूच म्हणाले, "एकतीस वर्षांत एक प्रवासी मागं सोडला नाही गं. आज सोडला, तर तोही घरचाच." मी त्यांचा हात धरला. दोघांनी तो गार चहा अर्धा अर्धा प्यायला आणि मग समुद्रकाठी तळलेलं पापलेट खाल्लं. जागेचं नाव विचारू नका, रडलेल्या डोळ्यांनी पाट्या वाचता येत नाहीत. मासा मात्र ताजा होता.

परतीच्या बसमध्ये महबूला आलं तसे अण्णांनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले आणि बस सुटेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

घरी आल्यावर मी धीर करून विचारलं, "तिकिटाचं काय करू?"

"कुठलं तिकीट? इथं महिन्याचा पास मिळतो का, ते बघ."

पास मिळाला. पुढचे दीड महिने अण्णा रोज सकाळी एकटे निघायचे, खिशात पत्त्याची चिठ्ठी आणि चालू फोन घेऊन. संध्याकाळी कुठल्या रस्त्यावर काय चाललंय ते मला सांगायचे. चौदा वर्षं मी राहत होते आणि शहर त्यांना माहीत झालं. एका शनिवारी ईरा त्यांच्याबरोबर गेली आणि येऊन म्हणाली, "आजोबा नोज एव्हरी ड्रायव्हर." हेवा होता तिच्या आवाजात.

ते परत गेले त्याला आता तीन आठवडे झाले. गुरुवारी मी बसने ऑफिसला जाते. फार काही बदललं नाही. बाकीचे दिवस पार्किंग आणि बोटं मोडणं चालूच आहे. पण सगळे चढले की मी एकदा मागे वळून बघते, कोणी धावत येतंय का.

काल अण्णांचा फोन आला. "पुढच्या थंडीत येतो म्हणतो."

मी म्हटलं, "या ना. विमानतळावर गाडी घेऊन येते."

"गाडी कशाला? तिथून बस आहे. मी चौकशी केलीय."

"बरं अण्णा," मी म्हटलं. "मी शेवटच्या स्टँडवर थांबते."