उशिरा येणारा सूर

मुलांनो, परवा तुमच्यापैकी धाकटा फोनवर म्हणाला, "आजी, स्टेजवर कीबोर्ड वाजवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि कोणता ऑडिओ इंटरफेस, माझं ठरतच नाहीये." इंटरफेस म्हणजे काय, असं मी विचारलं. त्याने समजावलं की बोट पडल्यावर सूर कॉम्प्युटरमधून फिरून कानापर्यंत येतो, आणि त्या वाटेत जरासा वेळ गेला तरी चांगला वाजवणाराही अडखळतो. फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिले. का, ते लिहिते.

तुमचे आजोबा दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करत आणि संध्याकाळी पेटी वाजवत. कचेरीतलेच त्यांचे एक मित्र भीमगीतं गात. कन्हान, जरीपटका, खापरखेड्याची कॉलनी, जिथून बोलावणं येई तिथे हे दोघे आणि एक तबलजी जात. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. गाण्यातलं मला फारसं कळत नव्हतं.

पन्नाशीच्या आतच त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, चालणं परतलं, डावा हात मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, "डोक्यातला निरोप हाताला उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही." हे वाक्य आजोबांच्या मनात घर करून बसलं.

पेटीला दोन हात लागतात. उजवा पट्ट्यांवर, डावा भात्यावर. तेव्हा त्यांचा डावा हात मी झाले. पेटीपलीकडे बसायचं आणि भाता हलवायचा. आधी मला जमेना, सूर फुगायचा नाहीतर विरायचा. पुढे त्यांच्या खांद्याकडे पाहून कळू लागलं की आता लांब सूर येणार. माईक पेटीजवळ असे, म्हणून मी बांगड्यांवर रुमाल बांधून बसत असे. जरीपटक्याला एका बाईने सगळ्यांदेखत विचारलं, "काहून वं, नवरा वाजवते अन् तू नुसती हवा घालून राहिली?" बायका हसल्या, मीही हसले. आजोबांना मात्र ते लागलं.

पुढे काही वर्षांनी सीताबर्डीच्या एका दुकानात जपानी कीबोर्ड आले. त्याला भाता नव्हता, त्यामुळे एका हाताने भागणार होतं. त्यांनी दोन वाद्यं वाजवून पाहिली आणि रुंद पट्ट्यांचं, मागे वायरीसाठी भोक असलेलं घेतलं. मग आवाज भोंग्यांपर्यंत न्यायचा कसा, यावर आमच्या घरी मुलीचं स्थळ ठरवावं तशी चर्चा चालली. वाद्याच्या स्वतःच्या स्पीकरसमोर माईक ठेवायचा, की मागून थेट वायर जोडायची?

"माईकमध्ये तबला घुसते, खोकला घुसते, तुझ्या बांगड्या घुसते," आजोबा म्हणाले. "वायर लावली की फक्त सूर. तू आता समोर बस वं, नवरा कसा वाजवते ते पाय."

किती दिवसांनी ते असे बोलले होते! घरी ते उत्तम वाजवत होते. आता कुणाच्या हाताशिवाय, एकट्याने स्टेजवर बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

खापरखेड्याच्या कॉलनीत बुद्ध जयंतीचा कार्यक्रम होता. माईकवाल्याने वायर खोचली आणि कीबोर्डचा स्वतःचा स्पीकर बंद पडला. त्या वाद्याची रचनाच तशी होती. भोंगे मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, खांबांवर बांधलेले. आवाज तिकडे जाई आणि मैदान ओलांडून परत स्टेजवर येई, तेव्हा कुठे त्यांना स्वतःचा सूर ऐकू येई. पहिल्या कडव्यातच आजोबा मागे पडू लागले. बोट पडायचं, सूर यायची वाट पाहायचं, मग पुढचं बोट.

गायक मित्र कडव्याच्या मध्येच वाकले. "मागं काहून राहून राहिला गा?"

"गाडी सुटली ना बाबूजी," तबलजी हसत म्हणाला, "तुमी पलाटावरच."

दुसरं गाणं अर्ध्यावर असताना आजोबांनी हात पट्ट्यांवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. उरलेला कार्यक्रम तबल्यावर झाला. बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "आता उजवाही गेला. निरोप उशिरा पोचून राहिला."

"पेटी आहे ना घरी," मी म्हटलं. "मी भाता हलवीन."

"भाता तू हलवशील. बोटं कोण हलवील?"

त्यांनी कीबोर्ड मित्राच्या मंडळाला देऊन टाकला. पेटीवर चादर घातली. त्या उजव्या हाताने ते शर्टाची बटणं लावत, कॅरममध्ये राणी घेत. एकदा माझ्या हातातल्या ट्रेवरून कप घसरला, तो त्यांनी हवेतच पकडला. मी म्हटलं, "पाहा, कुठे उशीर झाला?"

"कपाला ताल नसतो," ते म्हणाले आणि कप जागेवर ठेवला.

पेटीवरची चादर त्यांनी पुन्हा काढली नाही. गेले तेव्हा तुमची आई कॉलेजात होती. आपला चांगला हात आपल्याला सोडून गेला, असंच मानून ते गेले. मीही इतकी वर्षं तेच मानत आले. परवा धाकट्याने समजावलं तेव्हा ते मैदान डोळ्यांसमोर आलं, ते लांबचे भोंगे आणि वाट पाहणारं त्यांचं बोट. हात वेळेवर पडत होता.

सॉफ्टवेअरमधलं मला कळत नाही, तुम्हाला हवं ते घ्या. पण घेण्याआधी एकच पट्टी दाबा, आणि सूर बोटाबरोबर येतो का ते ऐका. उशिरा आला, तर आधी वायर तपासा. हाताला दोष देऊ नका.

फोन झाल्यावर मी पेटीवरची चादर काढली. तिच्या पलीकडे, माझ्या नेहमीच्या जागी बसले आणि भाता हलवून पाहिला. जुन्या चामड्यातून हवा गळते. पट्ट्यांवर कुणाचं बोट नव्हतं, सूर आला नाही.