ओली छत्री

हल्ली जुन्या रहस्यकथांवर ज्या नव्या मालिका निघतात त्यांच्याविषयी मला कोणी मत विचारत नाही, हे त्या काढणाऱ्यांचं नशीब. विलायतेतल्या बंगल्यात घडलेली घट्ट विणीची गोष्ट हे लोक उचलतात, कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणी नेऊन बसवतात आणि तिचा एकेक टाका उसवत बसतात. सुरुवातीला बराच वेळ आकाशातून नुसतं जंगल दाखवायचं. गुप्तहेराची दाढी वाढवायची, त्याच्या हातात ग्लास द्यायचा आणि त्याला लहानपणी वारलेली आई आठवायला लावायची. आणि अंधार तर विचारू नका! एवढ्या मोठ्या बंगल्यात राहणारी माणसं, पण दिवा लावायचं एकालाही सुचत नाही. आमच्या औरंगाबादेत, गारखेड्यात, भारनियमनाच्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात यापेक्षा स्वच्छ दिसायचं.

एका मालिकेवर माझा विशेष राग आहे. तिनं आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जे केलं त्यासाठी.

अण्णा औरंगाबादजवळच्या कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातले. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूत सुरू झाली. पोलीस ॲक्शननंतर मराठी आली, पण मराठी वाचायची गोडी त्यांना धड्यांनी नाही, रहस्यकथांनी लावली. पुढे औरंगाबादेत कोर्टात कारकून झाल्यावर रविवारी दुपारी ते वाचनालयातली रहस्यकथा घरात मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्याचा एक रिवाज होता. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं आणि खुनी कोण ते प्रत्येकानं सांगायचं. सगळ्यात लहान असेल त्यानं आधी, म्हणजे मोठ्यांचं ऐकून कोणी मान डोलवायला नको. नुसतं नाव घेऊन भागत नसे. अण्णा विचारायचे, "सबूत?" पुस्तकात आलेली गोष्ट दाखवता आली नाही तर लगेच, "उचलली जीभ, लावली टाळ्याला! बस खाली." आई शेंगा सोलता सोलता खुनी पकडायची आणि सबूतही द्यायची. आम्हा भावंडांना मात्र बहुतेक वेळा खालीच बसावं लागे.

त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक एका इंग्रजी कादंबरीवरून केलेलं होतं. म्हाताऱ्या जमीनदाराचा खून होतो. घरचा वकील सांगतो की मी पाऊस लागायच्या आधी आलो आणि नंतर बाहेर पाऊल टाकलं नाही. पण त्याच प्रकरणात मोलकरीण त्याची छत्री उचलून कोपऱ्यात ठेवते आणि खालचं पाणी पुसते. बस, एवढंच. सगळं तुमच्यासमोर मांडलेलं असतं, तरी तुम्ही ते ओलांडून पुढे जाता. याला म्हणतात लिहिणं.

आता अण्णा पंच्याऐंशीच्या पुढचे. नजर अधू झाली, वाचन सुटलं. गोळी घेतली का, हे पुन्हा पुन्हा विचारायला लागले. ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात असू शकते असं डॉक्टरांनी सांगितलं आणि शहाण्यानं ते त्यांच्यासमोरच सांगितलं. तेव्हापासून त्यांना एकच धास्ती, की आपलं डोकं जाणार. सकाळी उठून जुन्या वकिलांची नावं मनात घोकायचे आणि सगळी आठवली की मगच चहा प्यायचे.

अशात माझ्या भावाच्या मुलीनं मोठ्या प्रेमानं बातमी आणली की त्याच कादंबरीवर मालिका आली आहे. अण्णा खूश. "ही तर मला तोंडपाठ हाय!" दुपारी जेवण झालं की आम्ही तिघं बघायला बसायचो. शेवटच्या भागाआधी त्यांनी टीव्ही थांबवायला लावला. भाचीनं जमीनदाराच्या बायकोचं नाव घेतलं आणि खाली बसली. मला उत्तर माहीत होतं, म्हणून मी गप्प राहिले. मग अण्णा ताठ बसून म्हणाले, "वकील. सबूत, छत्री ओली व्हती."

शेवटच्या भागात लंडनहून एक पोरगी उतरली. जमीनदाराची लपवलेली मुलगी म्हणे. तोवर तिचा कोणी उच्चारही केला नव्हता. ती रडली, मागे कोणीतरी गाणं गायलं आणि खून तिनं केल्याचं जाहीर झालं. छत्री आख्ख्या मालिकेत कुठेच नव्हती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

"आत्या, जुना खुनी सगळ्यांना माहीत असतो ना," भाची म्हणाली. "सरप्राइज नको का?"

"मग स्वतःची गोष्ट लिहा म्हणावं. आयत्या बिळावर नागोबा कशाला?"

अण्णांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. "छत्री कवा दाखवली गं? मी झोपलो व्हतो का?"

"दाखवलीच नाही, अण्णा. त्यांनी गोष्ट बदलली."

"बदलतील कशी? नाव तेच, माणसं तीच, अन् मुजरिम दुसरा? असं कुठं असतं व्हय?" थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "माझ्याच डोक्यात भलतं घुसलं, माय. लई झालं वय."

त्या दिवसापासून ते कशाचंच उत्तर देईनात. भाजी कोणती करू, पंखा लावू का, काहीही विचारा, "मला काय विचारता?" सकाळचं घोकणंही थांबलं. एका माणसाला आपल्या डोक्याचा जो थोडा भरवसा उरला होता तो या लोकांनी सरप्राइजसाठी घालवला. मला इतका संताप आला की मी एसटीनं कन्नडला गेले आणि चुलतभावाच्या माळ्यावरून ते जुनं पुस्तक शोधून आणलं.

रोज दुपारी थोडं थोडं वाचून दाखवलं. ते पलंगावर पडून, डोळे मिटून ऐकायचे. छत्रीचा प्रसंग आला तेव्हाही त्यांचा चेहरा हलला नाही. शेवटचं प्रकरण आलं. मी पुस्तक मिटलं.

"मला नको विचारू," ते म्हणाले.

खोलीत आम्ही दोघंच होतो, म्हणजे लहान मीच. "आधी माझी पाळी," मी म्हटलं. "खून जमीनदाराच्या लपवलेल्या मुलीनं केला. ती लंडनहून येते."

 त्यांनी डोळे उघडले. "कोण मुलगी?"

"टीव्हीवर होती ती."

"टीव्हीचं सोड. पुस्तकात कुठं आली?"

"नाही आली. पण तिनंच मारलं असणार. तिला लहानपणी फार दुःख होतं."

अण्णा उशीवरून उठून बसले. "सबूत?"

"टीव्हीवर दाखवलं ना."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! अगं, त्या मोलकरणीनं पाणी पुसलं, तूच वाचलंस की परवा! छत्री ओली व्हती. वकील पावसात बाहेर गेला व्हता. लहानपणापासून सांगतोय, अन् तू टीव्हीचं ऐकती? बस खाली!"

मी खुर्चीत बसलेलीच होते. तरी उठले आणि पुन्हा बसले.