साक्षीचं बोट

रविवारची उपासना आटोपून, दोन घास पोटात ढकलून मी आडवी होते. कवळी काढून खिडकीतल्या वाटीत पाण्यात टाकते. आज पाळकांनी उपदेशात माझं नाव घेतलं. क्षमा कशी करावी ते फुलवंताबाईंनी अख्ख्या गावाला दाखवलं, म्हणाले. सगळी मंडळी वळून बघायला लागली आणि मला ते आवडलं.

पंखा कुरकुरतो आहे. डोळा लागतो न लागतो तोच कॉटच्या पायथ्याशी कोणीतरी बसतं. वजनावरून ओळखते, योहान. माझा धाकटा भाऊ. ईस्टरनंतर आम्ही त्याला पुरला.

“आक्का, सरक,” तो म्हणतो. समोरचे दोन दात नाहीत, त्यामुळे शब्दातून वारा जातो.

तिकडे बरं आहे ना, मी विचारते. झकास आहे, म्हणतो, रोज मेजवानीची पंगत बसते.

“मला तेवढं चावता येत नाही,” तो दातांची फट दाखवतो.

मी उठून बसते, तर चौकात आहे. त्याचं पंक्चरचं दुकान उघडं आहे, पण भिंतीवर टायरांऐवजी चर्चमधला गीतांच्या नंबरांचा फळा लटकतो आहे. चौकात दोन झेंडे. तो गेला त्या दिवशी कोणाचा आधी चढवायचा यावरून पोरं एकमेकांना भिडली होती. त्यातलं एक खाली पडलं आणि योहान त्याला उचलायला गेला. तू कोणत्या झेंड्याचा, असं विचारायचं त्याला सुचलं नाही. दुसऱ्या झेंड्याच्या एकाने योहानच्याच दुकानातली टायर काढायची सळई उचलली आणि योहानच्या तोंडावर हाणली. मी डबा घेऊन आले होते. मी सळई पाहिली, हात पाहिला, चेहराही पाहिला. शेजारच्या सिंधूचा प्रथमेश.

नंतर एका झेंड्यावाल्यांनी योहानचा फोटो आपल्या बॅनरवर चढवला. दुसरे त्याला बाटगा म्हणून मोकळे झाले. जन्मात दोघांच्याही सभेला न गेलेला माणूस. दफनाच्या वेळी पत्रकारांनी माझ्यापुढे माईक धरले, तेव्हा मारणाऱ्याला आम्ही माफ केलं, असं मी सांगून टाकलं. सिंधू माझ्या पाया पडली. पुढे कोर्टात विचारतील तेव्हा चेहरा दिसला नाही म्हणेन, असा मी तिला शब्द दिला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी मला चहा आणून देते.

“माफ केलंस म्हणे,” योहान घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबत म्हणतो.

“प्रभूनं सांगितलंय.”

“खोटी साक्ष दे, असं पण सांगितलंय?”

मी चिडते. त्याला सुनावते की मी नाव घेतलं तर एक झेंडा उद्या तुझ्या नावाने फटाके वाजवील, दुसरा आपल्या कंपाउंडावर दगड मारील. पोरगं कोवळं आहे. सिंधू जीव देईल. शत्रूवर प्रीती करायची म्हणजे दुसरं काय करायचं असतं? घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं तो ऐकून घेतो.

“मार मी खाल्लाय, आक्का. माफ मी करायचंय. करीन पण. पण काय माफ करायचं ते आधी कोणी बोललं पाहिजे ना.” ट्यूबमधून बुडबुडे येत राहतात. “तुला सिंधूची कीव नाही. तुला पाळकानं नाव घेतलेलं पाहिजे.”

हे त्याने बोलायला नको होतं. मी त्याला लहानाचा मोठा केला आहे.

मी गुडघे टेकलेले आहेत. प्रभुभोजनाचं मेज समोर आहे, शेजारी सिंधू, पलीकडे केस नीट विंचरलेला प्रथमेश. पाळक ताट पुढे करतात. भाकरीच्या जागी ताटात दोन दात आहेत. घ्या बाई, ते प्रेमाने म्हणतात, आणि मागून सगळी मंडळी म्हणते, घ्या. माझी कवळी घरी राहिली, मी सांगते. योहान मोठ्याने हसतो.

“बोट दाखव.”

मी हात पाठीमागे लपवते. तो ओढून पुढे घेतो. आई गेल्यावर मीच त्याला वाढवला. मी खोटं बोलले की तो चावायचा, आणि रक्त आल्याशिवाय सोडायचा नाही. आताही तसाच चावतो. मी ओरडते. मंडळी गीताचं पुढचं कडवं घेते.

उन्हं उतरली आहेत. घरात मी एकटी आहे. उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटावर दातांचे लालभडक व्रण आहेत, आणि मध्ये दोन दातांएवढी जागा कोरी आहे. माझे दात खिडकीतल्या वाटीत आहेत.

दार लोटून सिंधू कपबशी घेऊन आत येते. आज आलं जास्त घातलंय, म्हणते. मग तिचं लक्ष जातं.

“बाई, बोटाला काय झालं?”

“योहान चावला.”

ती हसायला जाते. मग वाकून बघते. शवपेटीत ठेवलेल्या योहानच्या तोंडाशी तिनेच फुलं लावली होती. मधली कोरी जागा तिला ओळखू येते. तरीही ती कप पुढे करते. मी तो तिच्या हातून घेत नाही.