नामदेवकाकांच्या दुकानातली ऑनलाइन बोहनी

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बसस्टँडजवळ माझा नेट कॅफे होता. कमाई जेमतेम, पण किस्से एवढे जमले की सांगता सोय नाही! लोकांना ऑनलाइन पैसे भरायला शिकवणं म्हणजे रोज नवा तमाशा.

*

रिटायर्ड जोशी मास्तर कार्डावर रेल्वेचं तिकीट काढायला आले. रिझर्वेशनच्या लायनीत सकाळ घालवायची नाही, म्हणून भलतेच खुश! पैसे भरताना स्क्रीनवर इंग्रजीत सूचना आली, रिफ्रेश करू नका. तेवढ्यात मी मागवलेला चहा आला.

मास्तर ओरडलेच, "परत धाड थो चहा! रिफ्रेशमेंट नको म्हणून राह्यलं ना ते!"

*

जवळच्या उकव्याच्या मँगनीज खाणीत कामाला असलेला आमचा दोस्त रमेश. बायकोसाठी मिक्सर मागवत होता. पत्त्याच्या शेवटी पिन कोड आला आणि गडी अडला.

"पिन कोणालेच सांगू नका, म्हणते बँकवाले!"

"अरे बाबा, हा पोस्टाचा पिन आहे!"

"कोणाचाबी असो, मी सांगत नसतो!"

शेवटी मीच टाकला. मिक्सर बरोबर घरी पोचला. तरी रमेश मला विचारतोच, "माहा पिन तुले कसा मालूम?"

*

शेजारी नामदेवकाकांचं तांदळाचं दुकान. त्यांची सून माधुरीवहिनी. तिनं चिन्नोर तांदूळ विकायला वेबसाइट काढली. पैसे घ्यायचं सॉफ्टवेअर मीच बसवून दिलं. कम्प्युटर दुकानातच, गल्ल्याजवळ.

काकांनी बजावलं, "दिवाळीपर्यंत एक तरी गिऱ्हाईक आण. नाही तं हा डबा विकून टाकीन!"

रोज सकाळी काका पहिल्या गिऱ्हाइकाची नोट कपाळाला लावत आणि हसून विचारत, "सूनबाई, तुई बोहनी कई होते वं?" वहिनी पुन्हा वेबसाइट उघडून बघे. मला फार वाईट वाटे.

धनतेरसला, रविवारी, पुण्याहून पाच किलोची ऑर्डर आली! वहिनी किंचाळलीच, "मामाजी, पैसे आले!"

"कुठी हायेत?"

"खात्यात."

"बँक तं आज बंद हाये!"

"तरी आले!"

"त्यानं तांदूळ पाह्यला?"

"नाही जी."

"दाताखाली चावला?"

"नाही."

"भाव केला?"

"काहीच नाही, मामाजी. अगोदर पैसेच टाकले!"

समोर एक जुनं गिऱ्हाईक पोतं उधार मागत उभं होतं. काकांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं, म्हणाले, "शिका काही!"

मग टोपी काढली, आणि वाकून मॉनिटरला कपाळ टेकवलं.