तारली आली तरच मी येईन

आमच्या आळीत एखादी गोष्ट घडायला एक दिवस लागतो आणि ती सांगून संपायला अख्खा पावसाळा. कुमुदकाकूंच्या कुत्रीच्या बाबतीत तर आधीचं सांगून संपायच्या आत पुढचं घडत गेलं. त्यामुळे किश्श्यांची रास साठली. मी रोज रात्री चार ओळी लिहून ठेवणारा माणूस. म्हणून त्यातले खरे किस्से कुठले आणि भर घातलेले कुठले, ते मला सांगता येतं. इथे खरे तेवढेच देतो. भर घातलेले हवे असतील तर माझी बायको मेधा घरीच असते!

कुमुदकाकू आमच्या शेजारी. त्यांचे यजमान बोटीवर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा निलेश अमेरिकेत. घरात काकू, पाच-सहा कोंबड्या आणि तारली. ही तारली म्हणजे तांबूस रंगाची गावठी कुत्री. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर तारली मासळीच्या टोपलीत तोंड घालून बसलेलं पिल्लू काकूंच्या मागे मागे घरी आलं. मासळीचं नाव त्याला तिथेच चिकटलं.

मागच्या पावसात काकू मागीलदारी शेवाळावरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हापासून निलेशने धोशा लावला. "आई, इकडे ये. आधी सहा महिने राहून बघ, मग कायमचं बघू."

त्यातला 'कायमचं' हा शब्द काकूंनी बरोबर ऐकला. मुलाला सरळ नाही म्हणणं जिवावर आलं. म्हणून त्यांनी तोड काढली.

"येते हो. पण तारली आली तरच मी येईन."

फोन ठेवून माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "कुत्र्याला कोण विमानात घेतंय, सुधीर! सुटले मी."

दुसऱ्या दिवशी निलेशचा फोन. "आई, घेतात! मुंबईतला एक एजंट आहे, तो सगळं करतो. इथलं धावपळीचं काम सुधीरदादा बघेल."

त्या दिवशी काकूंनी मला चहा दिला, त्यात साखर नव्हती.

* * *

एजंटाचा पहिला प्रश्न जातीचा. फोन स्पीकरवर होता.

काकू खूश झाल्या. "सांग त्याला, गावठी हाय म्हणून. शुद्ध गावठी! आईचा पत्ता नाय, बापाचा नाय. बघू कसा घेतोय."

मी सांगितलं. एजंट म्हणाला, "अरे वा, मग तर काहीच टेन्शन नाही! प्रॉब्लेम त्या चपट्या नाकाच्या महागड्या कुत्र्यांचा असतो. त्यांना प्रवासात श्वास पुरत नाही. बऱ्याच विमान कंपन्या घेतच नाहीत त्यांना."

आमच्या समोरच्या बंगल्यातले वकीलसाहेब तेव्हा फाटकाशी उभे होते. त्यांच्या कडेवर त्यांचा पग, प्रिन्स. त्याची वंशावळ ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतात.

"म्हणजे आमच्या प्रिन्सला नेता येणार नाही?" त्यांनी तिथूनच विचारलं. त्यांना कुठेही जायचं नव्हतं, पण अपमान तो अपमानच!

काकू मात्र तारलीच्या लांब नाकाकडे बघत बसल्या होत्या.

"नाकानं घात केलान मेल्या," त्या म्हणाल्या.

* * *

मग मायक्रोचिप. आमचे जनावरांचे डॉक्टर तरुण, कोल्हापूरकडचे. त्यांनी तारलीच्या मानेत सुईने ती चिप घातली. तारली हूं की चूं करेना. काकूंनीच डोळे घट्ट मिटले होते.

"आता ही हरवली तर कुठं हाय ते कळणार काय?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. मशीन धरलं की फक्त नंबर दिसतो. त्यावरून ती कुणाची, ते कळतं."

"ही कुणाची, ते अख्ख्या आळीला माहीत हाय! त्याला सुई कशाला टोचायला हवी होती?"

डॉक्टरांनी मशीन खणात ठेवलं. त्यांनी बिल केलं.

* * *

तारलीला इंग्रजी समजलं पाहिजे, हे निलेशच्या बायकोचं, म्हणजे सायलीचं म्हणणं. तिकडे बागेत कुत्र्याने निदान 'सिट' म्हटलं की बसावं, नाहीतर लोक बघतात.

काकूंना हसू आवरेना. "अगो, ही 'बस' म्हटलं तर उठून चालायला लागते. 'सिट' म्हटलं तर काय करेल?"

"एकदा म्हणून तर बघा, आई," व्हिडिओ कॉलवरून सायली म्हणाली.

काकूंनी अंगणात उभं राहून, कंबरेवर हात ठेवून, अत्यंत खडूस आवाजात म्हटलं, "सिट!"

तारली बसली.

पलीकडून टाळ्या. इकडे काकू तिच्याकडे बघतायत, ती काकूंकडे बघतेय. "कुणाकडे जात होतीस गो शिकायला?" काकूंनी विचारलं. आमच्या मेधाने त्या वेळी घरात काहीतरी उतू जात असल्याचं निमित्त केलं आणि तिथून पळ काढला. खारी बिस्किटं दाखवून तारलीला आठवडाभर कोण शिकवत होतं, ते मला रात्री कळलं.

* * *

पिंजऱ्याचं काम आमच्या बंड्या सुताराकडे दिलं, ही माझी हौस. एजंट म्हणाला होता, कुत्र्याला आत उभं राहता आलं पाहिजे आणि वळता आलं पाहिजे. बंड्याने तारलीची मापं एखाद्या नवरीची घ्यावीत तशी घेतली.

आठ दिवसांनी पिंजरा आला. फणसाच्या लाकडाचा! कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, वर कडी, आतून पॉलिश. तो टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली.

"बंड्या, हा विमानात जायचाय," मी म्हटलं.

"मग? विमान पडलं तरी याला काय होणार नाय," बंड्या म्हणाला.

मी फोटो आणि वजन एजंटाला पाठवलं. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "साहेब, यात कुत्रा पाठवायचाय की देवघर?" शेवटी मुंबईहून प्लॅस्टिकचा पिंजरा मागवला. तारली पहिल्या दिवशीच त्यात जाऊन झोपली.

बंड्याच्या पिंजऱ्यात संध्याकाळी कोंबड्या शिरल्या. त्या पुन्हा खुराड्यात जाईनात. हे बघून काकूंचा चेहरा उजळला. लगेच अमेरिकेला फोन.

"निलेश, तयारी झाली हो सगळी. तारलीचा पिंजरा आला, कोंबड्यांचा पण आला."

"कोंबड्यांचा? आई, कोंबड्या नाही येत विमानात!"

"असं कसं? तू विचारून तरी बघ."

"आई!"

"बरं बरं. कोंबड्या इथं असल्यावर मी तिकडे कशी काय राहणार, एवढंच म्हणत होते."

कोंबड्या मेधा सांभाळेल, असं निलेशने तिथल्या तिथे जाहीर केलं. मेधाला ते दुसऱ्या दिवशी समजलं.

* * *

काकूंचा सगळ्यात जास्त भरवसा रक्ततपासणीवर होता. रेबीजची लस टोचल्यावर महिनाभर थांबून कुत्र्याचं रक्त काढतात आणि ते लांबच्या मोठ्या लॅबला पाठवतात. रक्तात लसीचा जोर ठराविक आकड्याच्या वर दिसला, तरच पुढचा रस्ता मोकळा.

"हिला लस कसली लागतेय!" काकू मला सांगत. "सगळा जन्म मासळीची डोकी खाण्यात गेला. रक्तात कालवण सापडेल नुसतं."

मध्ये बरेच दिवस गेले. त्या दिवसांत काकू फार छान होत्या. अंगणात शिंपण करायच्या, दगडी गडग्यावरून हाक मारून आम्हाला तिसऱ्या शिंपल्यांची आमटी द्यायच्या, कलमांना शेणखत घालून घ्यायच्या. पुढच्या वर्षीच्या आंब्याच्या पेट्या कुणाला द्यायच्या, ते त्यांनी आतापासून ठरवलं होतं.

मग एका दुपारी डॉक्टर स्वतः स्कूटरवरून आले. रिपोर्ट हातात.

"काकू, नाद खुळा! लागतंय त्याच्या कितीतरी पट वर आलंय. आमच्या दवाखान्यात असला रिपोर्ट कुणाचाच आला नव्हता!"

काकूंनी तारलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आमच्या घरात हुशार निघालं की ते परदेशात जातं," त्या म्हणाल्या. "निलेशचं पण असंच झालं."

डॉक्टर पेढे मागायच्या बेतात होते. त्यांनी पाणी मागितलं.

* * *

माणसांकडून काही होत नाही म्हटल्यावर काकू देवाकडे गेल्या. त्यांचं गाव पूर्णगडच्या बाजूला. आमच्याकडे मोठं काही करायचं तर ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाला ओली फुलं चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. नकाराच्या पुढे कुणाचं काही चालत नाही. अमेरिकेचंही नाही!

मी रिक्षाने त्यांना घेऊन गेलो. तारलीही होती. ती देवळाबाहेर पिंपळाच्या पारावर बसली.

गुरव म्हातारा, काकूंना लहानपणापासून ओळखणारा. "बाय, मुंबैला जाणाऱ्यांचे कौल लावले, दुबईवाल्यांचे लावले. कुत्रीचा पहिलाच."

"विचार तू. कुत्रीला परदेशात न्यावं काय, एवढंच विचार."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. खड्या आवाजात, रीतसर. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक आज तुझ्या दारात आली हाय. तिची कुत्री सात समुद्रापलीकडं जायची म्हणतेय. तिची वाट मोकळी करायची असंल तर उजवा दे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी म्हटलं. म्हणायला दुसरं कुणी नव्हतं.

कौल द्यायला देव कधी कधी तास-दीड तास लावतो. आम्ही मांडी घालून बसायच्या आत उजवं फूल टपकन पडलं.

काकू फुलाकडे बघत राहिल्या. "परत विचार. देवाला नीट ऐकू गेलं नसेल."

"बाय, असं दोनदा विचारत नायत. रागावतो तो."

परतताना तारली रिक्षात काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. रत्नागिरी जवळ आल्यावर काकू म्हणाल्या, "निलेशनं देवाला पण पटवलंन."

* * *

तारलीचं सगळं झालं. राहिल्या काकू.

त्यांच्या व्हिसाची मुलाखत मुंबईला होती. जाताना त्यांनी मला बजावलं, "मी आत खोटं बोलणार नाय. जे हाय ते सांगणार. मग नाय म्हणाले तर माझ्यावर ठपका नाय." मी म्हटलं, खरंच सांगा.

मला आत सोडत नव्हते. काकू त्यांची फाइल घेऊन रांगेतून आत गेल्या. मी समोरच्या फुटपाथवर, त्यांची पिशवी मांडीवर घेऊन. तिथे बरीच मंडळी ताटकळत होती. माझ्या शेजारी एक तरुण जोडपं बसलं होतं. त्यांची वेळ दुपारची. मुलीचे ओठ सारखे हलत होते, काहीतरी जप चालला असावा.

तिच्या नवऱ्याने मला सगळं समजावलं. "काका, दारातून येणाऱ्यांचे हात बघायचे फक्त. पासपोर्ट हातात दिसला की समजायचं, नकार. ज्याला व्हिसा देतात, त्याचा पासपोर्ट शिक्का मारायला आत ठेवून घेतात. तो माणूस मोकळ्या हातांनी येतो."

एक गृहस्थ बाहेर आले. हातात पासपोर्ट. जोडप्याने मान खाली घातली.

मग काकू आल्या. त्या आत जाताना होत्या, त्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. रस्ता ओलांडताना त्यांनी एका टॅक्सीला हाताने थांबवलं.

"झालं काम!" माझ्याजवळ येऊन म्हणाल्या.

"काय विचारलं?"

"गोरी बाई होती, पण मराठी बोलत होती! म्हणाली, आजी, तिकडे का जायचंय? म्हटलं, खरं सांगू काय? मला जायचंच नाय. मुलगा ऐकत नाय म्हणून आले. मग म्हणाली, तिकडेच राहणार काय? म्हटलं, बांधून घातलीत तरी राहणार नाय. माझं घर हाय, माझी कलमं हायत, कोंबड्या हायत, त्यांना दुसऱ्यांच्या जिवावर टाकून आले तर सहा महिने कसे काढू? कधी एकदा परत येते असं होईल मला."

"मग?"

"मग हसली ती. हसली, आणि माझा पासपोर्ट काढून घेतलान!" काकूंनी दोन्ही रिकामे हात माझ्यासमोर उघडून दाखवले. "परत दिलानच नाय! आता पासपोर्टच नाय तर मी जाणार कशी? निलेशला तू सांग हां. माझ्या तोंडून नको, त्याला वाईट वाटेल."

शेजारच्या जोडप्याने ते रिकामे हात बघितले होते. दोघंही उठून उभी राहिली.

काकूंनी माझ्या मांडीवरची पिशवी ओढली. ज्यांच्याकडे आम्ही रात्री उतरणार होतो, त्यांच्यासाठी आणलेल्या आंबावडीचा डबा तिथेच फोडला. पहिली वडी मला. मग त्या जोडप्याच्या, मग फुटपाथवर ताटकळणाऱ्या जेवढ्यांपर्यंत हात पोचत होता तेवढ्यांच्या हातावर एकेक वडी ठेवत निघाल्या.

"घ्या हो, घ्या. तोंड गोड करा. तुमचं सगळ्यांचं पण माझ्यासारखंच होऊ दे!"

त्या मुलीने पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि भर फुटपाथवर वाकून काकूंच्या पाया पडली.